पाचपासून पुढे

मावशींना एक गोष्ट अजिबात खपत नसे. हातात ब्रश असताना कुणी हाक मारायची नाही. मोठे डॉक्टर असले तरी नाही. "आधी हात धुऊ द्या, मग बोला," म्हणून त्या सरळ पाठ फिरवायच्या, आणि मोठे डॉक्टर गुमान उभे राहायचे. सव्वीस वर्षं कॅन्सर वॉर्डातले चार संडास एकहाती सांभाळणाऱ्या बाईशी वाकड्यात कोण शिरणार?

त्या संडासांबाहेरच्या भिंतीवर एक कागद टांगलेला असे. त्यावर खाटांचे नंबर आणि नंबरांपुढे मावशींनी पेन्सिलीनं ओढलेल्या रेघा. जो जितक्यांदा आत जाऊन येईल, तितक्या रेघा. दिसायला पोरखेळ, पण उद्या कुणाला डोस द्यायचा आणि कुणाचा थांबवायचा, ते दुपारी ह्याच कागदावरून ठरायचं. कारण तिथलं एक औषध फार विचित्र होतं. ते घेऊन एखादा माणूस आरामात पेपर वाचत बसायचा, आणि शेजारच्या खाटेवरच्याच्या आतड्यांची पार वाट लागायची. असं का, ते कुणालाच धड सांगता येत नव्हतं. दिवसाला चार रेघांपर्यंत चालायचं. पाचवी पडली की डोस थांबला.

सात नंबरच्या खाटेवर पंचकाका आले. तीस वर्षं फुटबॉलच्या मैदानावर शिट्टी तोंडात धरून धावलेला माणूस. सवय जाते कुठे! तीन नंबरच्या संडासातून बाहेर पडायच्या आधीच ते आतून मैदानावरच्या आवाजात आकडा सांगायचे, "दोन!" अख्खा वॉर्ड हसायचा. मावशी लटक्या रागानं म्हणायच्या, "अहो काका, जरा हळू! गोल झाल्यासारखं काय ओरडताय?"

एके दिवशी सकाळी आठ वाजायच्या आतच चार झाले. पाचव्या वेळी आवाज पडला होता. आठव्या वेळी मावशींनी त्यांना खांद्याचा आधार देऊन खाटेपर्यंत आणलं. दुपारी दोनला मावशींची ड्यूटी संपत आली, तेव्हा अकरा झाले होते आणि कागदावर रेघा होत्या चार. पंचकाकांनी सकाळीच त्यांचं मनगट धरलं होतं.

"मावशी, चारच राहू द्या. मागचा एक डोस चुकलाय. हाही चुकला तर गाठ पुन्हा डोकं वर काढेल हो. जन्मात कधी खोटी शिट्टी वाजवली नाही मी. ही एवढी एकच."

मावशींनी पेन्सिल खिशात टाकली. दया आली, दुसरं काय! आणि डॉक्टरांची फेरी यायच्या आत त्यांनी तीन नंबर दुप्पट फिनेल टाकून असा घासला, की आत दिवसभर कुणी गेलंय असं वाटू नये.

दुसऱ्या दिवशी डोस दिला. तिसऱ्या दिवशी अंगातलं पाणी आटून पंचकाका बेशुद्ध पडले, त्यांची खाट ढकलत आयसीयूत नेली, संध्याकाळी ती रिकामी परत आली आणि तिची गादी गुंडाळून भिंतीला उभी केली. मावशींना कुणी काही विचारलं नाही. विचारणार काय? कागद स्वच्छ होता.

आठवडाभरानं मावशी तीन नंबर घासत होत्या. टाकी भरून शांत झाली, आणि दाराच्या कोपऱ्यातून आवाज आला.

"पाच."

मग सहा, सात. थांबत थांबत अकरापर्यंत, आणि मग गप्प. एक ते चार कधीच नाही. ते लिहिलेले होते ना! मावशींनी सगळे उपाय करून पाहिले. नळ सोडून ठेवला, मोठ्यानं गाणी म्हटली, दार सताड उघडं ठेवून घासलं. भुताखेतांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता, आणि म्हणूनच त्यांची जास्त तंतरायची. विश्वास असता तर निदान कुणाला तरी बोलवून बंदोबस्त करता आला असता. अशी दोन वर्षं गेली.

आणि मग त्यांची धाकटी जाऊ त्याच वॉर्डात आली. त्याच औषधासाठी.

ह्या दोघींचं म्हणजे विचारूच नका. तीस वर्षं एक स्वयंपाकघर आणि तीस वर्षं रोजची धुसफूस. मिठाचा डबा कुठे ठेवायचा, ह्यावर दोघी चार-चार दिवस अबोला धरायच्या. पण धाकटीचा रिपोर्ट आला त्या दिवशी मावशींनी तो डबा स्वतःहून तिला हवा तिथे नेऊन ठेवला. धाकटी तो डबा बघून रडली, रिपोर्ट बघून नव्हती रडली.

वॉर्डात एक तरुण डॉक्टरबाई होत्या. औषध सुरू करण्याआधी प्रत्येकाकडून त्या निळ्या झाकणाच्या डबीत शौचाचा नमुना घ्यायच्या आणि फ्रीजरात ठेवायच्या. सगळे त्यांना डबीवाली डॉक्टर म्हणत. "एवढं शिकलात, आणि शेवटी आलात आमच्याच लाइनीत!" मावशी त्यांना चिडवायच्या. धाकटीची डबी घ्यायला त्या आल्या, तेव्हा मावशींनी विचारलं, "काय शोधता हो ह्यात एवढं?"

"जंतू. आपल्या आतड्यात कोट्यवधी असतात, आणि बहुतेक सगळे कामाचे. हे औषध गाठीवर काम करतं, मग यकृत त्याला बांधून, निकामी करून आतड्यात सोडतं, बाहेर जाण्यासाठी. पण काही जंतू ते बांधलेलं सोडवतात. औषध पुन्हा जिवंत होतं आणि आतडं आतून सोलून काढतं."

"म्हणजे मी कचऱ्याची पिशवी गाठ मारून ठेवते आणि कुत्री येऊन फाडतात, तसंच की!"

"अगदी तसंच. काहींच्या पोटात अशी कुत्री फार."

मावशी हसल्या नाहीत. गाठ मारून टाकलेलं पुन्हा सुटतं, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

चार दिवसांनी मावशी पॅसेज पुसत होत्या. पलीकडे डबीवाल्या डॉक्टर मोठ्या डॉक्टरांशी वाद घालत होत्या.

"सर, नऊ नंबरच्या बाईंच्या पोटात ते बांधलेलं औषध सोडवणारे जंतू प्रचंड आहेत. डोस कमी करून सुरुवात करू या."

नऊ नंबर म्हणजे धाकटी. मावशींचं फडकं थांबलं.

"तुमच्या जुन्या डब्यांची यादी पाहिली मी," मोठे डॉक्टर म्हणाले. "दोन वर्षांपूर्वीचे सात नंबर, ते फुटबॉलचे पंच. त्यांच्यात तर ह्यांच्याहून जास्त होते. आणि डोसच्या आदल्या दिवशी किती वेळा गेले? चार. ते वारले ते आधीच खंगलेले होते म्हणून. तुमचा अंदाज तिथेच आपटतो. उद्या सकाळी पुरता डोस द्या."

"हो सर," डबीवाल्या डॉक्टर म्हणाल्या, "तो एक माणूस कशातच बसत नाही."

मावशी तडक धाकटीकडे गेल्या. तिनंही ते ऐकलं होतं. "ताई, तुम्ही मध्ये पडू नका हं," ती उशीवरून म्हणाली. "मला पुरता डोस हवाय. अर्धंमुर्धं औषध घेऊन मी मेले, तर तुमचं काय, तुम्हाला अख्खं स्वयंपाकघर मोकळं."

"चुलीत घाल ते स्वयंपाकघर!" मावशी म्हणाल्या. बोलावं, तर सव्वीस वर्षांचं नाव मातीत जाणार, नोकरी जाणार, आणि जाऊ जन्मभर म्हणणार की ताईंनी डाव साधला. न बोलावं, तर उद्या सकाळी डोस.

त्यांनी ब्रश उचलला आणि त्या तीन नंबरमध्ये शिरल्या. घासायला लागल्या. टाकी शांत झाली.

"पाच," आवाज आला. "सहा. सात."

आठपर्यंत मावशींना ऐकवलं नाही. त्या तशाच बाहेर पडल्या. हातात ब्रश, कोपरापर्यंत फेस, पायात ओल्या चपला. पॅसेजच्या टोकाला मोठे डॉक्टर लिफ्टची वाट पाहत होते, शेजारी डबीवाल्या डॉक्टर होत्या. "ओ डॉक्टर!" अख्खा मजला दचकला. मावशी न धुतलेल्या हातांनी कुणाला हाक मारतील, हे कुणी स्वप्नातही पाहिलं नव्हतं.

"चार नव्हते ते. अकरा होते. त्यांनी हात धरून विनवलं आणि मी चारच लिहिले. मीच मारलं त्या माणसाला. आता माझ्या जावेला मारू नका."

ब्रशमधून पाणी ठिबकत होतं. लिफ्ट आली, पण मोठे डॉक्टर आत शिरले नाहीत. डबीवाल्या डॉक्टर भिंतीला टेकल्या. "अकरा," त्या हळूच म्हणाल्या. "अहो मावशी, मग ते बसतात हो. बरोब्बर बसतात." आणि त्यांचे डोळे भरून आले, आनंदानं की कशानं, कोण जाणे.

धाकटीचा डोस कमी झाला. सगळ्यात वाईट दिवशी तिच्या नंबरापुढे चार रेघा पडल्या. खऱ्या चार, दुसऱ्याच बाईनं ओढलेल्या. कारण चौकशी होऊन मावशींची बदली तळमजल्यावर, चादरींच्या गोदामात झाली. धाकटी पंधरा दिवस त्यांच्याशी बोलली नाही. मग घरी एका सकाळी संडासातून खणखणीत आवाज आला, "ताई, दोन! लिहा हो, तुम्हाला फार हौस ना!" मावशी ओट्याला धरून उभ्या राहिल्या. हसावं की रडावं, त्यांना कळेना.

बदलीच्या आधी, वॉर्डातल्या शेवटच्या दिवशी मावशींनी चारही संडास एकदा स्वतःच्या हातानं घासले. तीन नंबर शेवटी ठेवला. आता आवाज येणार नाही, असं त्यांना मनापासून वाटत होतं. जे लपवलं ते सांगून टाकलं, आणखी काय हवं? टाकी भरली. शांत झाली. मावशी दाराशी थांबल्या.

"बारा."

दोन वर्षांपूर्वी त्या दिवशी दोन वाजता मावशी घरी गेल्या होत्या. दोननंतर रेघा ओढायला तेव्हा माणूसच नसे. पंचकाका पुढे किती वेळा, कुणाच्या आधारानं आले, पोचले की वाटेतच बसले, ते कुणाला ठाऊक? त्या सरळ डबीवाल्या डॉक्टरांच्या टेबलाशी गेल्या. सात नंबरची जुनी फाइल उघडीच होती. चार खोडून तिथे अकरा लिहिलेलं होतं.

"डॉक्टरबाई," मावशी म्हणाल्या, "अकरा माझ्या ड्यूटीतले. त्याच्यापुढे जरा जागा सोडा."