रिकामं आलं तर

"रिकामं आलं तर रिकामं सांग." हे म्हणताना मॅडम चष्मा काढायच्या आणि त्याच्या दांडीने टेबलावर टकटक करायच्या. वाक्य कॉम्प्युटरसाठी असायचं, नजर मात्र माझ्यावर.

नांदेडमधलं आमचं ऑफिस म्हणजे एका मेडिकलच्या दुकानावरच्या दोन खोल्या. संशोधकांना शोधनिबंध शोधून देणारा एआय एजंट आम्ही तिथे बनवत होतो. त्याच्या हाताशी काही टूल्स होती. एक विषयावरून निबंध शोधायचं, एक लेखकाच्या नावावरून, एक अख्खा निबंध उघडून द्यायचं. कुठलं कधी वापरायचं हे एजंटच ठरवतो, आणि ठरवतो ते त्या टूलचं वर्णन वाचून. ती वर्णनं लिहिणं हे आम्हा दोघींचं काम. मॅडम आधी लातूरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होत्या. त्या मराठीत सांगायच्या, मी इंग्रजीत लिहायचे. मी इंग्रजी शाळेतली. बोलावं लागू नये म्हणून कितीही लिहायला तयार असणारी.

मी पहिलं वर्णन लिहिलं होतं, "हे टूल उत्तम शोधनिबंध सहज मिळवून देतं." मॅडमनी ते वाचलं.

"स्थळ सुचवायलीस का गं? मुलगी सुंदर, सुस्वभावी. अगं, पण हे करतं काय? काय दिलं की चालतं, काय दिलं की अडतं?"

मी ते वाक्य पुसून टाकलं.

"कशाला न्हाई वापरायचं, ते आधी लिही. तुझं इंग्रजी लई गोड हाय. मशिनला गोड नको."

एकदा एका प्राध्यापकांनी स्वतःचंच नाव टाकून शोध घेतला. आपल्याकडच्या सवयीप्रमाणे आडनाव आधी, मग नाव, शेवटी वडिलांचं नाव. एजंटने शेवटचा शब्द आडनाव धरला आणि तो वडिलांना शोधायला गेला. वडील अर्धापूरला केळी पिकवणारे. त्यांचं काही मिळेना, तेव्हा त्याने त्यांच्या नावावर एक निबंधच रचून दिला, साल आणि पानांच्या आकड्यांसकट.

"म्हाताऱ्याला डॉक्टर करायलाय की हा!" मॅडम डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग एकदम थांबल्या. "ह्याला न्हाई म्हणता येत न्हाई. आपल्यासारखाच हाय."

तुम्हीही पाहिलं असेल. आपल्याकडे कुणी पत्ता विचारला, की "माहीत नाही" म्हणणं जिवावर येतं. हात कुठल्या तरी दिशेला उठतोच.

त्या दिवशी मॅडमनी मला त्यांच्या वडिलांबद्दल सांगितलं, स्क्रीनकडे बघत, वर्णन सांगावं तशा आवाजात. "माझ्या बापाला कुणीच न्हाई म्हणलं न्हाई. एक म्हणला उदगीरला दाखवा, एक म्हणला सोलापूरला, एक म्हणला हैदराबादला. समदे चांगलेच लोक. बाप यष्टीतच संपत गेला. मला घरी न्या, एवढंच म्हणायचा."

मग चष्म्याची टकटक. "लिही. काही सापडलं नाही तर तसं सांगावं. जवळपासचं काहीतरी देऊन वेळ मारून नेऊ नये."

मी लिहिलं. त्यात मला एकही शब्द गोड करता आला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात मॅडम आजारी पडल्या. पोटातला एक दुर्मिळ कॅन्सर, यकृतापर्यंत गेलेला. लातूरच्या डॉक्टरांनी जमेल ते सगळं केलं आणि आता वेदना कमी करू, एवढंच म्हणाले. निलंग्याच्या घरून त्यांचा धाकटा भाऊ आला होता. तो ऐकेना. कुणीतरी त्याला लांबच्या एका शहरातलं हॉस्पिटल सुचवलं होतं.

मॅडमचा मला फोन आला. "सगळे रिपोर्ट पाठवलेत. आपल्या एजंटला विचार. ह्या टप्प्यावर कुणाला उपयोग झालाय, असा एक जरी निबंध निघाला तर भावासंगं जाते. न्हाईतर घरी."

मी विचारलं. एजंटने बराच वेळ शोधलं आणि लिहिलं, "या टप्प्याला लागू पडणारं काही सापडलं नाही." मी आजाराची दुसरी नावं टाकली. तेच. एकेक टूल स्वतः चालवून पाहिलं. तेच. मग मी ते वर्णन उघडलं आणि मॅडमच्या वाक्याच्या शेवटी कर्सर नेऊन ठेवला. तेवढं वाक्य पुसलं असतं तर एजंटने काहीतरी नक्की दिलं असतं. कर्सर लुकलुकत राहिला. मी फाइल बंद केली.

लातूरच्या हॉस्पिटलच्या जिन्यात भावाने मला गाठलं. "ताई, काहीतरी हाय म्हणा. खोटं का होईना. तुमचं ऐकती ती. गाडी सांगून ठेवलीय मी."

मी मान हलवली. होकारार्थी की नकारार्थी, मलाच कळलं नाही.

आत मॅडम भिंतीला टेकून बसल्या होत्या. गालफडं बसल्यामुळे चष्मा नाकावरून सारखा घसरत होता.

"काय आलं?"

माझ्यामागे भाऊ उभा होता. त्याचा श्वास मला ऐकू येत होता.

"रिकामं, मॅडम."

त्यांनी डोळे मिटले. आपणच मागितलेलं उत्तर ऐकायला त्यांनाही वेळ लागला.

"तू स्वतः बघितलंस?"

"हो."

"गाडी सांगितलीय न्हवं रे?" त्यांनी भावाला विचारलं. "मग निलंग्याला घे."

भाऊ भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. "आक्का," एवढंच म्हणाला. मॅडमनी माझा हात धरला, आणि बोटाने हळूच त्यावर टकटक केली.

त्या घरीच गेल्या, स्वतःच्या अंथरुणात, पाऊस सुरू व्हायच्या आधी.

परवा ऑफिसात नवीन आलेला एकजण म्हणाला, "हे वाक्य फार कोरडं आहे. लोक नाराज होतात. जवळचं काहीतरी सुचवायला काय हरकत आहे?" मीटिंगमध्ये मी कधी बोलत नाही. "ते वाक्य तसंच राहू दे," मी म्हणाले. सगळे माझ्याकडे बघायला लागले, तशी मी खाली बघितलं.

अजूनही रोज कुणीतरी, कुठून तरी, काहीतरी विचारतं. एजंट शोधतो आणि कधीकधी लिहितो, काही सापडलं नाही. मी सवयीने शेजारच्या खुर्चीकडे बघते. तिच्यावर आता प्रिंटरच्या कागदांचे गठ्ठे असतात.