हत्यारं मोजून घ्या

सावळीराम दरेकरांबरोबर मी सहा वर्षं एकाच हॉलमध्ये रोज सकाळी पाऊण तास श्वास घेतला आणि सोडला. तेवढ्यावरून माणूस कळतो असं म्हणायची माझी हिंमत नाही. त्यांच्या पत्नीचं नाव बयाबाई होतं, हे मला दरेकरांच्या दहाव्याला समजलं. लिहिण्याची मला सवय नाही. नोकरीत अहवाल लिहिले तेवढेच. पण त्यांची सून हर्षाली म्हणाली, "काका, रथसप्तमीच्या दिवसाचं तुम्हीच लिहा. बाकी कुणाला सगळं माहीत नाही." म्हणून लिहितो आहे.

द्वारका चौकाजवळच्या आमच्या सोसायटीत ते दुसऱ्या मजल्यावर राहायचे. मूळ विंचूरचे. ओझरच्या विमान कारखान्यात फिटर म्हणून चौतीस वर्षं काढलेली. सोसायटीच्या हॉलमध्ये ते योग शिकवत; स्वतः कुठे शिकले ते मी कधी विचारलं नाही. सगळे त्यांना मास्तर म्हणत. शिकवणं मात्र फिटरचंच होतं. मी पुढे वाकताना जोर लावला की मागून आवाज यायचा, "नट आवळायचा, पण आटे जाऊ द्यायचे नाय, मीटरसाहेब. गेले की नवे मिळत नाय."

वर्ग सुरू होण्याआधी त्यांची एक रीत होती. "विमानाचं झाकण लावायच्या आधी हत्यारं मोजायची," ते सांगत. "एक पाना कमी भरला तर विमान जागचं हलत नाय. आन् ज्याच्या हातून राहिला, त्यानं स्वतः हात वर करायचा." म्हणून रोज आधी एकेकाने आपलं दुखणं सांगायचं. गुडघा, मान, वाढलेलं ब्लडप्रेशर. मग कुणी कोणतं आसन सोडायचं ते मास्तर ठरवत. माझी चटई शेवटच्या रांगेत, त्यामुळे पाळीही शेवटी. मी "काही नाही" म्हणायचो. ते खरं नसायचं, पण तीस माणसांपुढे बोलणं मला जमत नाही. मास्तर स्वतःचं दुखणं कधी सांगत नसत. विचारणारे तेच; त्यांना कोण विचारणार?

एकदा वेणीमाधव गुरुजींनी त्यांना छेडलं. गुरुजी पंचवटीत यात्रेकरूंचे विधी करतात, पाठांतर दांडगं. "मास्तर, योगाचे मार्ग किती, हे तरी ठाऊक आहे का? की नुसतेच आटे?"

"द्वारकेच्या चौकात येतात तेवढे," मास्तर म्हणाले. "मी कोण, हे शोधत बसायचं, तो तुमचा ज्ञानाचा. आपल्या वर्गातल्या झुंबरबाई भजनात डोळे मिटतात, तो भक्तीचा. आपला मल्हारी वॉचमन न सांगता हॉल झाडून जातो, कुणी शाबासकी देतंय का बघायलाबी थांबत नाय, तो कर्माचा. आन् मन एका जागी बसवायचं, तो राजयोग. आपण त्याच्या पायरीवर घाम गाळतोय. सगळे पोचतात तिथंच. फक्त माझाच रस्ता खरा म्हणून चौकात हॉर्न वाजवायचा नाय."

गुरुजी हसले. "आणि पोचून मिळतं काय?"

"वाटेतच लय मिळतं. गुडघा वाकतो. झोप लागते. राग जरा उशिरा येतो. शुगरची गोळी मात्र चालूच ठेवायची हां. योग मरण टाळायला नाय. जे हाय ते हाय तसं बघता यावं, यासाठी हाय."

हे शेवटचं वाक्य माझ्या मनात राहिलं. पुढे त्याचाच त्रास झाला.

मी वीज मंडळात मीटर तपासायचो, म्हणून मीटरसाहेब. हातात घड्याळ धरून मीटरच्या चकतीचे फेरे मोजायचे. नोकरी संपली तरी ती सवय गेली नाही. श्वास रोखायला सांगून मास्तर दहा आकडे म्हणत, त्याला दहा सेकंद लागत, कधी अकरा. त्या वर्षी दिवाळीनंतर नऊ लागले. मग आठ. डिसेंबर संपता संपता सातवर आले. सूर्यनमस्कार दाखवायला ते बँकेत नोकरी करणाऱ्या निकिताला पुढे बोलावू लागले. लोक म्हणाले, पोरीला तयार करतायत.

जानेवारीत एका सकाळी मी जिना उतरत होतो. पहिल्या मजल्याच्या वळणावर मास्तर भिंतीला टेकून बसले होते. इतकी थंडी असून कपाळावर घाम. त्यांनी एक बारीक गोळी जिभेखाली ठेवली आणि मला हाताने थांबवलं. मी उभा राहिलो. घड्याळाकडे पाहिलं, उगाच. चार मिनिटं गेली.

"डॉक्टर म्हणतो, अँजिओग्राफी करा, लगेच," ते म्हणाले. "रथसप्तमी होऊ द्या, मग जातो."

दर रथसप्तमीला सोसायटीच्या मैदानावर ते एकशेआठ सूर्यनमस्कार घालत. पुढे ते, मागे आम्ही झेपतील तेवढे. ती अठरा दिवसांवर होती.

"मास्तर, पण एकशेआठ..."

"तीस माणसं सकाळी उठतात ती माझ्याकडे बघून. मास्तरचंच हृदय खराब म्हटल्यावर कोण वाकंल? उद्या हॉलला कुलूप लागंल. कुणाला सांगायचं नाय. हर्षालीला तर नायच. शब्द द्या."

मी शब्द दिला. नाही म्हणता येत नाही, हा माझा जुना दोष.

पुढचे दिवस मी त्यांच्या छातीकडे बघत काढले. वर्गात ते बोलता बोलता थांबले की मी घड्याळाकडे बघायचो. दोनदा त्यांना एकटं गाठून म्हणालो, "आधी दाखवून तर या." पहिल्यांदा ते हसले. दुसऱ्यांदा म्हणाले, "तुमचं मीटर घरी ठेवून या." शेवटी रथसप्तमीच्या आदल्या संध्याकाळी मी त्यांच्या दाराची बेल वाजवली. हर्षालीने दार उघडलं. आतून मास्तरांचा खोकला ऐकू आला. मी सगळं पाठ करून गेलो होतो.

"काय काका?"

"थोडं विरजण मिळेल का?"

वाटी घेऊन घरी आलो. माझी पत्नी लतिका म्हणाली, "अहो, विरजण तर आपल्याकडे आहे!" मी वाटी फ्रिजमध्ये ठेवली.

सकाळी सहाला मैदानावर साठेक माणसं होती. हर्षालीही चटई घेऊन आलेली. मास्तर पांढरा बनियन घालून पुढे उभे. चेहरा राखेसारखा दिसत होता, पण उजाडायचं होतं, कुणाच्या लक्षात आलं नाही. "हत्यारं मोजून घ्या," ते म्हणाले. एकेक जण बोलू लागला. कंबर. टाच. सर्दी. पाळी माझ्याकडे सरकत होती. आत्ता गप्प राहिलो तर ते सुरू करणार, आणि ते मध्येच कोसळतील त्या आकड्याची मी मागे उभा राहून वाट बघणार, एवढंच मला दिसत होतं.

"मीटरसाहेब?"

"मला काही नाही," मी म्हणालो. "पण मास्तर, तुमचं राहिलं."

कुणीतरी हसलं. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. तसे डोळे मी पुन्हा कुणाचे पाहिले नाहीत.

"शब्द दिला होता तुम्ही."

"हो."

मास्तरांनी आपल्या चटईकडे पाहिलं. मग त्यांनी उजवा हात हळूहळू वर केला, कारखान्यात करत असतील तसा.

"छातीत दुखतंय," ते म्हणाले. "दिवाळीपासून. आत्ताबी."

हर्षाली गाडीची किल्ली आणायला धावली. गुरुजींनी त्यांना धरून बसवलं. जाता जाता ते निकिताला एवढंच म्हणाले, "तू घे. घाई करू नको." माझ्याकडे पाहिलं नाही.

हृदयाच्या तीन नळ्या बंद होत्या. दोन दिवसांत बायपास झालं. मी दोनदा हॉस्पिटलच्या फाटकापर्यंत गेलो आणि परत आलो. दिलेला शब्द मोडला, तोही साठ माणसांसमोर. तेच एकटीला, दारात, हर्षालीला सांगता आलं असतं. वाटी हातात घेऊन मी परत आलो होतो.

वर्गाला मात्र कुलूप लागलं नाही. उलट चौघांनी जाऊन हृदय तपासून घेतलं.

चैत्र संपता संपता मास्तर हॉलमध्ये आले. मल्हारीने खुर्ची पुढे मांडली होती. ती त्यांनी उचलायला लावली आणि शेवटच्या रांगेत, माझ्या चटईशेजारी ठेवायला सांगितली. निकिताने दुखणं विचारल्यावर म्हणाले, "छातीची शिवण ओढते. पायातून शीर काढली, तिथंबी." मग माझ्याकडे वळले. "आता तुमचं बोला. काही नाय म्हणू नका."

"झोप लागत नाही," मी म्हणालो. "रथसप्तमीपासून."

"मला लागती," ते म्हणाले. "तुम्हीबी झोपा."

त्यानंतर वर्षभर ते त्या खुर्चीत बसले. निकिता दहा आकडे म्हणायची तेव्हा ते मला कोपराने ढोसत आणि मी सेकंद सांगायचो. याखेरीज आमचं फार बोलणं झालं असं नाही. गेल्या मे महिन्यात ते विंचूरला भावाकडे गेले आणि चौथ्या दिवशी दुपारी झोपेतच गेले.

विंचूरला निघायच्या दिवशी सकाळी ते वर्गाला आले होते. सगळे गेल्यावर आम्ही दोघं दारात चपला घालत होतो.

"आज किती भरले?"

"दहा."

"बरी हाय पोरगी. पंखा बंद केला का?"

"केला."

"चला मग."