तिखट कमी करा, मित्र आलेत!

किस्से काही आपण जमवत नाही हो, ते डब्यातल्या रबरबँडसारखे आपोआप जमतात. जुबेदाची गॅलरी माझ्या गॅलरीला चिकटून, त्यात तिचा फोन कायम स्पीकरवर. मी काय कान बांधून कपडे वाळत घालू?

जुबेदा रायगडकडची. तिचा नवरा इक्बाल परदेशात राष्ट्राध्यक्षांच्या बंगल्यावर खानसामा. अकरा वर्षं झाली. नावं बदललीत आणि देशाचं नाव सांगणार नाही. आमचा माणूस अजून तिथे अडकलाय.

*

झालं असं, की साहेबांनी, म्हणजे त्या राष्ट्राध्यक्षांनी, खुर्ची सोडावी म्हणून तिथले लोक रस्त्यावर उतरले. दोन मित्रदेशांनी लगेच आपापले दूत धाडले. मदतीला! दोघेही बंगल्यातच उतरले.

साहेबांना जेवण झणझणीत लागायचं. तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात चिठ्ठी आली, ‘तिखट कमी करा, पाहुण्यांना सोसत नाही.’

दुपारी इक्बालचा फोन. “जुबेदा, साहेब गेला समज.”

“आवो, आता टीवीवर भाषण करतोय ना!”

“करू दे. जेवण आता त्याच्या तोंडाचं नाय.”

*

मी हे आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी पाटीलकाका, त्यांना सांगितलं. काका मूळ बोनकोडे गावचे. म्हणाले, “वैनी, एकच पारख हाय. दोस्त मदतीला आला का त्याच्या चपला बघाच्या. दाराभायेर हान का आतमधी?”

दुसऱ्या दिवशी इक्बालचा फोन आला, तेव्हा मी गॅलरीतूनच ओरडून विचारलं.

इक्बाल म्हणाला, “वैनी, चपलांचं काय घेऊन बसलात? त्यांनी स्वतःच्या गाद्या आणल्यात!”

*

दूत दोन, म्हणून नवीन साहेबही दोन. एकाला जनरल हवा, दुसऱ्याला व्यापारमंत्री. जेवायला दोघे दूत एकाच टेबलावर, पण पहिला घास कोणी घेईना! शेवटी दोघांच्या ताटातलं इक्बालने आधी खाऊन दाखवायचं ठरलं.

“रोज?” जुबेदाने विचारलं.

“रोज. दोन वेळा. वजन वाढलंय माझं.”

ती हसली नाही. मीही नाही. माझ्या हातातला चिमटा खाली पार्किंगमध्ये पडला.

*

मग साहेबांना न्यायला विमान आलं. तेही मित्रांचंच. साहेबांनी विचारलं, “कुठे नेताय?” दूत म्हणाला, “तुम्हाला आवडेल.”

इक्बालने वाटेसाठी डबा दिला. गेटवर तो उघडून तपासला, पार ढवळला. साहेबांनी वास घेतला.

“आज तिखट आहे?”

“पहिल्यासारखं, साहेब.”

*

आता खरी टेन्शनची गोष्ट. तिथली पद्धत अशी, की नोकरीला लागलं की पासपोर्ट बंगल्याच्या ऑफिसातल्या तिजोरीत जमा. साहेब गेले आणि तिजोरीची चावी गेली जनरलच्या बाजूच्या दूताकडे. विमानतळ तर चारच दिवस उघडा राहणार होता.

जुबेदाने चूल पेटवणं सोडलं. दोन्ही वेळचा डबा मीच देत होते, तोही तसाच परत यायचा.

पाटीलकाका गप्प बसतात होय? सोसायटीच्या लेटरहेडवर अर्ज! ‘आमचे सन्माननीय सभासद इक्बाल यांना त्वरित सोडावे.’ खाली सही, गोल शिक्का, जावक क्रमांकसुद्धा. फोटो काढून पाठवला. इक्बालनेही जिवावर उदार होऊन तो चावीवाल्या दूताला दाखवला.

दूताने फोनवर शिक्का मोठा करून बघितला. मग म्हणाला, “हे कुठलं सरकार?”

*

जनरल राष्ट्राध्यक्ष झाले. शपथेच्या दुसऱ्या सकाळी इक्बाल त्यांचा चहा घेऊन गेला. खोलीत दोघंच. विमानतळाचा तो शेवटचा दिवस. त्याने हात जोडले.

“साहेब, माझा पासपोर्ट तिजोरीत आहे. चावी दूतसाहेबांकडे. बायको वाट बघते. मी आज मागायला जाणार आहे, तुम्ही फक्त एक शब्द टाका.”

राष्ट्राध्यक्षांनी कप खाली ठेवला. दाराकडे बघितलं. मग अगदी हळू आवाजात म्हणाले,

“जातोच आहेस, तर माझाही माग.”