दसऱ्याच्या तेलानं बसलेली मशीन

जुना रेकॉर्ड प्लेअर दुरुस्त करून काय उपयोग, असं कोणी विचारलं की माझं डोकं फिरतं. अकोल्यात माझं मिक्सर-पंखे दुरुस्तीचं दुकान आहे. जीव असलेली मशीन मी भंगारात जाऊ देईन होय!

माहेरी, वलगावला, बाबांचा लग्नाचे भोंगे लावायचा धंदा होता. हळदीच्या सकाळी झाडावर भोंगा चढला, रेकॉर्ड लागली, की साऱ्या गावाला कळायचं, इथं लग्न आहे. मला मात्र मशीनला बोट लावू द्यायचे नाहीत. "पोरीच्या जातीचं काम नाही थे," म्हणायचे. पुढे गाणं रडत वाजायला लागलं, धंदा बसला आणि मशीन कोपऱ्यात गेली.

यंदा भावाच्या मुलीचं लग्न निघालं. पाहुण्यांसाठी भाऊ खोली रिकामी करत होता, तेव्हा कोपऱ्यातली मशीन मी दुरुस्तीला ओढली. "ताई, मोबाईलवर सारी गाणी हायेत. कावून डोकं लावून राहिली त्याच्यात?" बाबाही म्हणाले, "नातीच्या हळदीले वाजली त ठेवू, नाही त देऊन टाका भंगारवाल्याले." बोलले खरे, पण तोंड भिंतीकडे फिरवलं.

मशीन खोलली आणि कपाळावर हात मारला. मोटर एका रबरी चाकाच्या घर्षणानं तबकडी फिरवते. बाबांनी दर दसऱ्याला पूजेच्या नावाखाली त्याच चाकाला तेल पाजलेलं, वर हळद-कुंकू! घसरणार नाही तर काय?

"बाबा, तुमच्या भक्तीनंच गाणं रडत होतं," मी तोंडावर सांगितलं.

"मंग दसऱ्याले मशीन कोरडी ठेवू का?" बाबा भडकले.

मी स्पिरिटनं सारा चिकटा काढला, चाकाला नवं रबर चढवलं, नवी सुई बसवली. हळदीच्या सकाळी भोंगा लागला आणि गाणं असं खणखणीत वाजलं, की बायका हळद सोडून मांडवाबाहेर आल्या. माझी छाती फुगली. फुगली तर फुगली, लपवू कशाला?

गावातले एक गृहस्थ बाबांच्या खुर्चीपाशी आले. "काका, आमच्या पोरीच्या लग्नाले आणता का मशीन?"

बाबांनी माझ्याकडे बोट केलं.

"मले काय विचारता? मशीनवाली थे बसली ना तिथं."