कावळ्याच्या जागी माणूस

आई जाऊन महिना झाला, त्या दिवशीच्या मिस्सेला माझ्या भावानं फ्लेक्स लावला. देवळाच्या फाटकाला नाही, फादरनी लावू दिला नसता; बायपासवरच्या हॉलच्या कमानीला. त्यावर आईच्या गालांना गुलाबी रंग मारलेला, अन् खाली भाऊ हात जोडून उभा, आईपेक्षा थोडा मोठाच. बघूनच मला किळस आली. त्या बाईनं उभ्या जन्मात तोंडाला पावडर लावली नव्हती.

आमच्यात कावळा नसतो. हे आधी सांगते, म्हणजे मला किळस कशाची आली ते कळेल. आमचे आजोबा बाप्तिस्मा घेतलेले, पोलीस ॲक्शननंतर गंगापूरकडचं गाव सोडून इथं शहरातल्या छावणी भागात आले. गावात कुणी गेलं की लोक पिंडाला कावळा शिवायची वाट बघत बसत. तेव्हाच्या फादरनी सांगितलं, कावळा सोडा, मेलेल्याच्या नावानं भुकेल्याला जेवू घाला. आजोबांनी ते इतकं मनावर घेतलं की कावळ्याच्या जागी सरळ माणूस बसवला. महिन्याची मिस्सा झाली की एक खरोखर भुकेलं माणूस बोलवायचं, पाटावर बसवायचं, त्यानं मेलेल्याचं नाव घेऊन पहिला घास खायचा. तोवर घरातल्यांनी मिस्सेतला कम्युनियनचा तुकडा अन् पाणी सोडून तोंडात काही घालायचं नाही. पुढचे फादर या रिवाजाला हसायचे, पण मोडा म्हणून कुणी सांगितलं नाही.

याचा अर्थ आईनं मला एकदा शेंगा फोडता फोडता सांगितला होता. "मेलेल्याला हात नसतेत गं. शुद्धीस्थानात पडलेल्या जिवाला सोताची चूक दिसती, पण निस्तरता येत नाय. मग त्याचे हात आपण व्हायचं. तोंडानं प्रार्थना करायची अन् हातानं द्यायचं. नुसतं तोंड चालवलं तर देव इचारतो, हात कुठंय?" शेवटच्या दुखण्यात तिनं माझ्याकडं दुसरं काहीच मागितलं नाही. एवढंच म्हणाली, "माझ्या टायमाला भुकेलं माणूस बसव. तुझा भाऊ लई तमाशा करील, त्याच्या नादी लागू नको."

भुकेलं माणूस शोधायला कुठं लांब जायचं नव्हतं. शहागंजात भीक मागणारी एक म्हातारी दर शुक्रवारी आमच्याकडं जेवायला यायची. आम्ही तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणायचो. तिच्या पायाला न भरणारी जखम, तिचा वास स्वयंपाकघरभर पसरायचा, अन् आई तिच्या शेजारी मांडी घालून त्याच भाकरीचा तुकडा मोडायची. ती मुसलमान, आई ख्रिस्ती, पण शुक्रवारावर दोघींचं एकमत होतं. आई गेल्यावर मीच शहागंजात जाऊन खालाला मिस्सेचा दिवस आणि हॉलचा पत्ता सांगून आले. घरी कर म्हणून मी भावाला परोपरीनं सांगितलं होतं, त्यानं ऐकलं नाही.

भाऊ वाळूजच्या कंपन्यांना माणसं पुरवतो. एरवी उष्ट्या हातानं कावळा न हाकणारा हा गडी, पण त्या दिवशी त्यानं मंडप, मटण, व्हिडिओवाला, कशाला म्हणून कमी केली नाही. देवळात मिस्सा चालू असताना हा बाहेर उभा राहून फोनवर कंपन्यांच्या साहेबांना रस्ता सांगत होता. आत आम्ही आईला सार्वकालिक विसावा मागत होतो अन् हा म्हणत होता, पंपाच्या पुढं डावीकडं वळा. मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे मी ऐकले होते. स्वतःच्या आईच्या टाळूवरचं खाणारा त्या दिवशी पाहिला.

हॉलमध्ये गेल्यावर स्टेजवर पाट मांडलेला दिसला आणि मला क्षणभर बरं वाटलं. मग त्या पाटावर इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यातला एक माणूस येऊन बसला. त्यानं घास उचलला, व्हिडिओवाला म्हणाला, थोडा वर धरा, परत एकदा. त्यानं घास परत एकदा खाल्ला. आईचं नाव घ्यायची वेळ आली तेव्हा त्यानं मान वळवून भावालाच विचारलं, "काय नाव होतं?" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी त्या माणसाला ओळखलं होतं. तो केटरर्सकडचा वाढपी होता. थोड्या वेळापूर्वीच मागच्या बाजूला कढईपाशी मटणाची नळी चोखून त्यानं ढेकर दिलेली मी पाहिली होती.

मी भावाला खांबामागं ओढलं. "हा भुकेला आहे?"

"आक्का, असल्या जागी खरा भिकारी कसा बसवायचा? एवढे साहेबलोक आलेत. त्यांना जेवण जाईल का?"

"खाला आली होती का?"

"आली होती. फाटकावरच थांबवली. पायातून पाणी गळतंय तिच्या. सगळ्यांचं झालं की पार्सल देऊ."

"अरे, आईचा पहिला घास झालाच नाही अजून."

"झाला की," तो म्हणाला. "व्हिडिओत आहे."

थोबाडीत मारण्यापुरतंसुद्धा त्याला शिवावंसं वाटेना. आमचेच नातेवाईक, ज्यांच्या आजांनी हा रिवाज पाळला, ते बोटं चाटत रस्सा मागत होते. मी चप्पल घातली आणि बाहेर पडले.

खाला फाटकापलीकडं, उष्ट्या पत्रावळ्या टाकल्या होत्या त्याच्या शेजारी बसली होती. मांडीवर फडक्याची गाठोडी. मी म्हटलं, "खाला, रिक्षा करते, घरी चल. तुला आईच्या ताटात वाढते. आईचा पहिला घास तूच खायचा."

"नक्को," ती म्हणाली. "मैं खाके आई."

तिनं गाठोडी सोडली. आत अर्धी भाकर अन् गुळाचा खडा होता. "इत्ते साल तेरी माँ मेरेकू खिलाई. आज उसके नाम से मेरेकू देना है. कब से बैठी हूँ. इधर कोई भूका इच नई. जो आता सो डकार देता आता." तिनं माझ्या तोंडाकडं निरखून पाहिलं. "तू खाई क्या, बेटी?"

मी नाही म्हणून मान हलवली. सकाळपासून माझ्या पोटात कम्युनियन अन् घोटभर पाण्याशिवाय काही नव्हतं.

तिनं भाकरीचा घास मोडला, त्याला गूळ लावला आणि माझ्यापुढं धरला. नखं काळी होती. पायाचा वास तर होताच. खोटं कशाला सांगू, मला उलटीच येईल असं वाटलं. पण आई या हाताशेजारी वर्षानुवर्षं जेवली होती. मी तिथंच पत्रावळ्यांशेजारी बसले, आईचं नाव मोठ्यानं घेतलं आणि तो घास तोंडात घेतला. खाला डोळे मिटून काहीतरी पुटपुटली, शेवटी आमीन म्हणाली. आत भाऊ माईकवरून साहेबलोकांचे आभार मानत होता.

मी खालाकडं दुसरा घास मागितला. मला खरंच फार भूक लागली होती.