वळचणीखालची बाई

नवऱ्याच्या नोकरीमुळे इंग्लंडमध्ये मेडनहेडला आलो तेव्हा माझी पुण्यातली पुरातत्त्वाची एम.ए. नुसती पडून होती. जवळच्या खेड्यातल्या चर्चमधल्या मध्ययुगीन कोरीवकामाची नोंद करायला स्वयंसेवक हवेत, अशी चिठ्ठी लायब्ररीत दिसली आणि मी गेले. माझ्याकडे डिजिटल कॅमेरा होता. डिग्रीपेक्षा त्याचंच कौतुक झालं.

गटाचे प्रमुख एक निवृत्त हेडमास्तर. पहिल्याच दिवशी चहा घेताना गालातल्या गालात हसत म्हणाले, "तुमच्या देवळांवर म्हणे फारच मोकळी शिल्पं असतात?"

"असतात," मी म्हटलं. "आम्ही सहकुटुंब बघायला जातो."

तिसऱ्या शनिवारी उत्तरेच्या भिंतीला शिडी लावली. वळचणीखाली दगडी चेहऱ्यांची रांग होती. मी वरून फोटो काढत वर्णन सांगायचं, हेडमास्तरांनी खाली फॉर्म भरायचा. कुत्रा झाला, मेंढा झाला, जीभ काढलेला माणूस झाला. मग मी थांबले.

"आता काय आहे?"

"बाई आहे. कपडे नाहीत. पाय फाकवून बसलीय आणि दोन्ही हातांनी... दाखवतेय."

खाली पेन चाललं. उतरून पाहते तर फॉर्मवर लिहिलेलं: 'झिजलेली आकृती, बहुधा माकड.'

"माकड कुठलं? रांगेत सगळ्यात ठसठशीत तीच आहे!"

"हे कुटुंबवत्सल लोकांचं चर्च आहे," ते घसा खाकरून म्हणाले.

"मग? कुटुंबं येतात कुठून, तेच सांगतेय ती."

आमच्या गटात एक सत्तरीच्या आजी होत्या, रोज वेदीवरची फुलं बदलणाऱ्या. त्यांनी कार्डिगनच्या बाह्या सावरल्या आणि आम्ही नको नको म्हणत असताना शिडी चढल्या. बराच वेळ बघत राहिल्या.

"माझं लग्न याच चर्चमध्ये झालं," वरूनच म्हणाल्या. "ही इथे आहे हे मला कुणी सांगितलंच नाही!"

खाली येऊन त्यांनी हेडमास्तरांच्या हातातलं पेन घेतलं, माकड खोडलं आणि सुवाच्य अक्षरात जे होतं ते लिहिलं. त्या शब्दाचं स्पेलिंगही त्यांनी कुणाला विचारलं नाही. हेडमास्तरांचा गुडघा त्याच आठवड्यात दुखायला लागला आणि नोंदीच्या शनिवारांपुरता तरी पुढे कधी बरा झाला नाही.

नोंद तशीच संग्रहात गेली, माझ्या फोटोसकट. चर्चच्या माहितीपत्रकात मात्र कुत्रा, मेंढा आणि जीभवाला एवढेच छापले. मी चिडले. आजी मुळीच चिडल्या नाहीत. दर रविवारी प्रार्थना संपली की त्या नव्या पाहुण्यांचा दंड धरायच्या आणि त्यांना उत्तरेच्या भिंतीकडे घेऊन जायच्या.