अमावास्या आणि बुडालेलं जहाज

समुद्राच्या तळाशी जायला निघालेल्या एका बाईने परतीचं तिकीट पंचांग बघून काढलं. ती बाई मीच. तेव्हा मी त्रेसष्ट वर्षांची, म्हणजे कोवळी आणि बिनडोक होते.

अंदमानचा बेत लेकीचा. ती बेंगळुरूला, मी इंदूरला सुदामा नगरात, आणि हे गेल्यापासून घरात दुसरं कोणी नाही. एरवी तिचा फोन "जेवलीस का, गोळी घेतलीस का" एवढ्यात आटपायचा. स्कूबाचा बेत निघाला आणि दर रविवारी ती व्हिडिओवर भरभरून बोलायला लागली. पाणी केव्हा स्वच्छ असतं, डॉक्टरांकडून काय लिहून आणायचं, मास्कमध्ये चष्मा मावतो का. मग मी लबाडी सुरू केली. एक शंका मिटली की दुसरी काढायची.

"मासा चावला तर गं?"

"तू त्याला चावू नकोस म्हणजे झालं."

बेत पक्का होऊच नये, असं मला वाटायला लागलं होतं.

पोवळ्यांचं मला फारसं कौतुक नव्हतं. बघायचं होतं ते जहाज. उथळ पाण्यात कधीकाळी बुडालेलं; नवशिक्यांनाही हात धरून नेतात, असं लेक म्हणाली होती. माणसं गेल्यावर आत मासे राहायला आले होते म्हणे. रिकाम्या घरात राहायचं कसं, ते जरा त्यांच्याकडे बघून यावं, असा विचार.

त्यासाठी स्विमिंग पूलवर बायकांच्या बॅचला नाव घातलं. रबरी टोपीत मी थेट उकडलेला बटाटा दिसायची. शेजारची म्हणाली, "आंटीजी, सीधे समंदर? पहले ये बच्चों वाला हिस्सा तो पार कर लो!" केला पार. नाकातोंडात पाणी गेलं, पण केला.

तिकिटं आली. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर परतीची तारीख बघते तर अमावास्या! सासूबाईंचा नेम होता, अमावास्येला प्रवासातून घरात पाऊल टाकायचं नाही. त्या जाऊन जमाना झाला, पण मला धीर होईना. लेक हसेल म्हणून तिला पत्ता लागू न देता बडा गणपतीजवळच्या एजंटकडे गेले आणि माझं तिकीट एक दिवस अलीकडे आणलं.

"माताजी, पक्का?"

"एकदम पक्का."

अंदमानला पहिल्या दिवशी लेकीचा हात घट्ट धरून पोवळी बघितली. दुसऱ्या दिवशी जहाज. बोट निघाली तेव्हा प्रशिक्षकाने सगळ्यांना विचारलं, परतीचं विमान कधी? मी ऐटीत सांगितलं, "कल सुबह."

त्याने माझ्या हातातला मास्क काढून घेतला. "आंटीजी, फिर आज आप पानी में नहीं जाएँगी." पाण्याखाली अंगात वायू मुरतो, लगेच विमानात बसलं तर बुडबुडे होऊन रक्तात सुटतो. मध्ये पूर्ण एक दिवस जाऊ द्यावाच लागतो.

"आई, तुझं तर परवाचं होतं ना?"

"मी बदललं."

लेकीने तिथेच फोन काढला. परवाची सगळी विमानं भरलेली. ती पाण्यात जायला तयार होईना.

"जा गं तू," मी म्हटलं. "मला ऊन खात बसायला आवडतं." साफ खोटं. इंदूरला काय ऊन कमी आहे?

ती गेली. मी कठड्याशी बसून बुडबुडे बघत राहिले. त्यातले तिचे कुठले आणि दुसऱ्यांचे कुठले, वरून काही कळेना. पाणी इतकं स्वच्छ, की जहाज आहे हे दिसत होतं. पण नुसती एक काळी सावली.

ती वर आली, ओल्या केसांनी माझ्याशेजारी बसली. तिकीट का बदललं, ते मी तेव्हा सांगितलं. ती हसेल म्हणून मी तयारीत होते. ती हसली नाही. टॉवेल तसाच मांडीवर ठेवून हळूच म्हणाली,

"आई, घरात आहे कोण गं, अमावास्येला आलीस म्हणून तुला बोलायला?"